घरातील किड्यांचा बंदोबस्त
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



यंदाच्या वर्धापनदिनी मी घरातल्या किड्यांवर बोलावे असे कार्यकारिणीने ठरविले, तेव्हा दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. आनंदाच्या दिवशी झुरळ आणि ढेकूण हा काय विषय झाला, असे त्यांना वाटले असेल. हसण्याजोगे आहेच. परंतु नव्या सोयरिकीचे पाहुणे चहा पीत बसले असता त्यांच्या देखत भिंतीवरून झुरळ पळते, तेव्हा आपल्याला हसू येत नाही. शिवाय आज मी जे सांगणार आहे त्यातला एक भाग लेकराबाळांच्या जिवाशी गाठ असलेला आहे. तो शेवटाकडे येईल. तोवर कोणी उठू नये एवढी विनंती.

मी काही विदुषी नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. जे कळते ते दोन ठिकाणचे. एक म्हणजे पिंपळीत इतकी वर्षे स्वयंपाकघर आणि कोठी सांभाळली ते. दुसरे म्हणजे माझा भाचा पुण्यास ह्याच धंद्यात आहे. त्याला लोक पेस्ट कंट्रोलवाला म्हणतात. सुट्टीला आला की मी त्याला स्वस्थ बसू देत नाही. गेल्या दिवाळीत त्याला मी आमच्या आणि आळीतल्या आणखी तीन घरांतून फिरविले, आणि तो काय करतो, काय विचारतो, ते वहीत टिपून घेतले. आजचे भाषण म्हणजे ती वही समजा.

पहिले नवल मला हे वाटले की त्याने पाऊण तास औषधाला हातच लावला नाही. हातात विजेरी आणि एक जुनी बोथट सुरी, एवढेच. कपाटाच्या मागे उजेड पाड, बिजागरीत सुरीचे टोक घाल, मोरीची जाळी उचल, गादीची शिवण उलटून बघ, असे चालले होते. मध्येच मला विचारी, "आत्या, हे रात्री दिसतात का दिवसाही? आधी कुठे दिसले? घरात जुने सामान काय आले? ह्या भिंतीच्या पलीकडे कोण राहते?" मी म्हटले, "अरे, तू औषध मारायला आलास का चौकशीला?" तर म्हणाला, "आत्या, चौकशी हेच अर्धे काम. कोणता किडा, तो येतो कुठून, खातो काय आणि लपतो कुठे, हे कळल्यावाचून औषध मारणे म्हणजे अंधारात काठी फिरवणे."

आता पाहा, ह्या चारही प्रश्नांची उत्तरे घरातल्या बाईपाशी असतात. पुरुषमाणसाला विचाराल तर तो म्हणेल, "झुरळे झालीत, आण एक डबा आणि मार." म्हणून हे काम जाणत्या माणसाकडून करवून घ्यावयाचे झाले, तरी त्याच्याबरोबर फिरावयास बाईच पाहिजे.

कोणता किडा हे न ओळखता धावपळ केली तर काय होते, ह्याचा मोठा दाखला आपल्या पुण्याचाच आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि 1897 च्या आरंभी पुण्यात पसरला. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच साथीत 10 मार्च 1897 रोजी गेल्या. सरकारने सोल्जर घरांत घातले, सामान बाहेर काढून जाळले, भिंतींना चुना मारला, बायकांना घराबाहेर उभे केले. लोक किती संतापले ते आपण शाळेत वाचले आहे. एवढे करूनही साथ हटेना, कारण रोग आणतो कोण हेच कोणाला ठाऊक नव्हते. उंदीर पडू लागले की घर सोडून रानात झोपड्या घालावयाच्या, एवढे आपल्या लोकांनी अनुभवाने जाणले होते. पुढे 1898 साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले की, मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि रोग देते. सगळा घोटाळा एका पिसवेचा! उंदीर मेला, थंड पडला की पिसवा त्याला सोडून नवे ऊबदार अंग शोधतात.

म्हणूनच जाणता माणूस कामाचा क्रम सोडीत नाही. घरात उंदीर फार आणि पिसवाही चावतात, अशी स्थिती असेल तर आधी पिसवांचे औषध आणि मगच उंदरांचे. क्रम उलटा झाला तर पिसवा आपल्यावर येतात. ही काही पणजीच्या काळची गोष्ट नव्हे. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर बीड जिल्ह्यातील मामला गावच्या लोकांनी भीतीने घरे सोडली. घरांत धान्य होते, तेथे उंदीर माजले. 1994 च्या पावसाळ्यात गावकरी पिसवा चावतात म्हणून तक्रार करू लागले आणि पाठोपाठ प्लेगची बातमी आली. धान्य आणि रिकामे घर एकत्र ठेवू नये हे तेव्हापासून मी मनात धरले आहे. ऊसतोडीला किंवा मुलांकडे पुण्याला महिना-महिना जाणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट आमच्या आजेसासूबाई सांगत. त्यांच्या तरुणपणी डी.डी.टी. मारणारी माणसे गावोगाव येत, भिंती फवारीत आणि दारावर तारीख लिहून जात. 1953 साली देशभर हिवतापाविरुद्ध मोहीम निघाली, तिच्यातली ही माणसे. त्याआधी 1946 च्या सुमारास जुन्या मुंबई इलाख्यात डॉ. विश्वनाथन यांनी कारवार-धारवाडकडे भिंती फवारून हिवताप कमी करून दाखविला होता. औषध तेव्हा खरोखरच रामबाण ठरले. देशात वर्षाला साडेसात कोटी माणसे हिवतापाने पडत, ती 1965 च्या सुमारास लाखावर आली. मग सगळ्यांना वाटले झाले काम. ढिलाई झाली, डासही औषधाला सरावले, आणि 1976 साली पुन्हा 64 लाख रोगी झाले.

ह्यात आपला बायकांचाही थोडा वाटा आहे, तो सांगितला पाहिजे. फवारलेली भिंत पांढरट दिसे, वास येई. सण आला की बाई ती शेणामातीने सारवून टाकी. औषध सारवणाखाली गेले, डास वर निवांत बसला! परंतु दोष नुसता बाईचा म्हणता येत नाही. औषध भिंतीच्या वर बसलेल्या डासाला मारते, म्हणून काही महिने सारवू नका, हे तिला समजेल अशा शब्दांत किती जणांनी सांगितले असेल? आणखी एक मौज अशी की डास मेले तरी ढेकूण त्या औषधाला लवकर सरावले. मग लोक म्हणू लागले, ह्या फवाऱ्याने ढेकूण वाढतात, आम्हाला नको. हे आज का सांगते, तर एकच औषध पुन्हा पुन्हा वापरले की किडा निबर होतो. दर महिन्याला तोच डबा आणून मारणाऱ्या बायका म्हणतात "हल्लीची औषधे बोगस." औषध बोगस असेलही, पण पुष्कळदा किडा हुशार झालेला असतो.

आता घरात या. झुरळ दोन जातींचे दिसते. मोठे तांबूस, ते गटारातून मोरीच्या वाटेने येते. त्याला औषधापेक्षा मोरीला घट्ट जाळी आणि फुटक्या पाइपाला सिमेंट हाच उपाय. दुसरे लहान, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा असलेले. हे खरे वैरी. ते गटारातून येत नाही. किराणाच्या खोक्यातून, जुन्या घेतलेल्या फ्रीजमधून, अंड्यांच्या ट्रेमधून येते. मादी अंड्यांची पिशवी शेवटपर्यंत अंगाशी घेऊन हिंडते आणि एका पिशवीत तीस-चाळीस पिले! म्हणून एक दिसले तर फडताळामागे शंभर आहेत असे धरून चालावे.

ह्याला भाचा फवारा मारीत नाही. तो जेल लावतो. बारीक पिचकारीतून मसुराएवढे ठिपके, तेही बिजागरीत, ओट्याखाली, फ्रीजच्या मागच्या बाजूस, जेथे झुरळाचा वावर आहे तेथेच. झुरळ ते खाते, पण तेथेच मरत नाही. बिळात जाऊन मरते. मग त्याची विष्ठा आणि मढे बाकीची झुरळे खातात आणि तीही मरतात. आपण जे बीळ कधी पाहणार नाही तेथपर्यंत औषध झुरळच पोचविते. पण आपण बायका येथे एक उपद्व्याप करतो. जेल लावलेले असताना दुसऱ्या दिवशी एखादे झुरळ दिसले की वरून फवारा मारतो, नाहीतर ठिपके फिनेलने पुसून काढतो. फवाऱ्याच्या वासाने झुरळ जेलकडे फिरकत नाही. पैसे पाण्यात. जेल लावले की आठ-दहा दिवस धीर धरावा. ह्या दिवसांत अधिक झुरळे उजेडात, लडबडत चालताना दिसतात. ते औषध लागल्याचे लक्षण आहे, घाबरू नये.

ज्यांना एवढा खर्च नको त्यांनी बोरिक पावडर, कणीक आणि साखर सारख्या प्रमाणात घेऊन घट्ट मळून गोळ्या कराव्यात आणि मुलाचा हात पोचणार नाही अशा फटीत ठेवाव्यात. गुण उशिरा येतो, पण येतो. मात्र रात्री ओटा कोरडा पुसणे आणि खरकटी भांडी न ठेवणे ह्याला दुसरा पर्याय नाही. झुरळ उपाशी बरेच दिवस काढते, तहानलेले फार दिवस काढीत नाही. नळ ठिबकतो त्या घरात कोणतेही औषध अर्धेच काम करते.

ढेकणांविषयी थोडक्यात सांगते, कारण पूर्वीइतके ते राहिले नाहीत. पण वसतिगृहात, कंपनीच्या खोल्यांवर राहणारी मुले घरी येताना पिशवीतून घेऊन येतात. ढेकूण रक्तावाचून कित्येक महिने जगतो, म्हणून खोली बंद ठेवून तो मरत नाही. फवारा अंड्याला मारीत नाही. अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात. म्हणून जाणता माणूस पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा येतो, आणि जो एकदाच येऊन "गॅरंटी" देतो त्याला पैसे देण्याआधी विचार करावा. आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन हे फुकटचे औषध आहे. पण गादी नुसती उन्हात टाकली तर ढेकूण खालच्या सावलीत जाऊन बसतात. ती काळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून पत्र्यावर ठेवावी आणि दुपारी उलटावी, म्हणजे आत भट्टी होते. जुन्या बाजेच्या खाचांत उकळते पाणी ओतण्याची आपल्या सासवांची रीत अगदी शास्त्रशुद्ध होती.

वाळवीचे काम मात्र घरच्या घरी करू नये. पहिल्या वळवानंतर दिव्यावर पंखांचे किडे येतात आणि सकाळी पंखांचा खच पडतो. ते बाहेरून आले तर काळजी नाही. पण चौकटीतून किंवा भिंतीच्या फटीतून निघाले तर वाळवी घरात आहे असे समजावे. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवर दिसतात. आपण त्या झाडूने पाडतो आणि रॉकेल लावतो. वाळवी दुसरीकडून वाट काढते. वारूळ असते जमिनीत. जाणता माणूस भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्याने फुटाफुटावर अर्ध्या इंचाची भोके पाडतो, प्रत्येकात लिटरभरापर्यंत औषधाचे पाणी मुरवितो आणि भोके बुजवितो. म्हणजे घराभोवती जमिनीत औषधाचे कुंपण होते. ह्यासाठी सरकारी मानकही आहे, 6313 क्रमांकाचे. नवे घर, घरकुल बांधणाऱ्यांनी गवंड्याला फरशी टाकण्याआधीच हे काम करावयास सांगावे. नंतर करण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. विहीर किंवा बोअर लागून असेल तर आधी सांगावे, औषध पाण्यात उतरता कामा नये. आणि सरपण व उसाचे पाचट भिंतीला टेकवून रचण्याची आपल्या गावची खोड आहे, ती वाळवीला दिलेली शिडीच आहे.

डासांचे मी फार बोलणार नाही, कारण आशाताई दर पावसाळ्यात येऊन सांगतात आणि आपण "हो हो" म्हणतो. एवढेच आठवा की जुलै 2021 मध्ये महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रोगी सापडला तो मुंबईत नव्हे, आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी. त्या बाई बऱ्या झाल्या. पण हा रोग गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला अपाय होऊ शकतो. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका, तिन्ही आणणारा डास एकच. तो दिवसा चावतो आणि स्वच्छ पाण्यात वाढतो. गटारात नव्हे, आपल्या पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, फ्रीजमागच्या ट्रेमध्ये, गच्चीवरच्या टायरात. नीरा डाव्या कालव्याने आपल्याला पाणी दिले म्हणून आपण नशीबवान, पण पिंप भरून ठेवण्याची आपली सवय काही गेली नाही. आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामे करून कोरडे ठेवा म्हणतात त्यातले गुपित असे की अंडे ते डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. काथ्याने घासलेच पाहिजे. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. ते आरोग्य केंद्रात विचारल्यास मिळतात. धुराची गाडी आली की पोरे मागे धावतात आणि आपल्याला वाटते सरकारने काहीतरी केले. त्या धुराने त्या घटकेला उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्या तशाच राहतात.

आता धान्याकडे वळते, आणि येथूनच जिवाचा तो विषय सुरू होतो.

गहू, ज्वारी घरात आली की सोंडे आणि टोके होणारच, असे आपण धरून चालतो. भाचा म्हणतो, पुष्कळदा कीड शेतातूनच किंवा जुन्या पोत्यातून येते. धान्य पुरते वाळले नसले की ती वाढते. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, ही आपली जुनी परीक्षा बरोबर आहे. जुन्या धान्यावर नवे ओतू नये. कोठी रिकामी करून, फटी घासून, उन्हात तापवून मग भरावी. पोती उलटी करून उकळत्या पाण्यातून काढावीत. सावलीत वाळविलेला कडुनिंबाचा पाला, बिब्बे, डाळीला आणि खाण्यापुरत्या गव्हाला एरंडेलाचा हात, हे सारे खरे उपयोगी आहे. पण ते कोरड्या धान्याला, ओल्याला नव्हे. रवा-मैदा थोडा असेल तर चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात भरावा. पाऱ्याच्या म्हणून गोळ्या विकतात त्या घेऊ नयेत. पारा हे विष आहे.

आणि दुसऱ्या गोळ्या. सल्फासच्या, किंवा नुसत्या "गव्हाच्या गोळ्या" म्हणून दुकानात हळूच मागतात त्या. त्यांचे खरे नाव ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतली दमट लागली की त्यातून विषारी वायू निघतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, कधी येतही नाही. वायू दाराच्या फटीतून, भिंतीच्या चिरेतून शेजारच्या खोलीत जातो. कोठीच्या खोलीत किंवा पलंगाखालच्या पेटीत गोळी ठेवून त्याच खोलीत माणसे झोपली तर सकाळी उठत नाहीत. ह्या विषावर उतारा नाही, भगिनींनो. डॉक्टर जीव वाचविण्याचा प्रयत्न करतात, पण ह्याला कापणारे औषध जगात नाही. ह्या गोळ्या सामान्य माणसाने घरात वापरण्यास कायद्याने परवानगीच नाही. गोदामात, सरकारमान्य तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ताडपत्री घालून, दारावर पाटी लावून वापरावयाची ती वस्तू. भाच्याला परवाना आहे, तरी तो म्हणाला, "आत्या, राहत्या घरात मी त्या गोळ्या आणणार नाही. कोणी कितीही पैसे दिले तरी."

दुसरे तसेच. आपण ऊस, भाजीपाला, द्राक्षे करणारी माणसे. गोठ्याच्या माळ्यावर शेतीच्या औषधांच्या बाटल्या असतातच. घरात ढेकूण झाले, मुंग्या झाल्या, की मालक म्हणतात, "शेतातले आहे ना उरलेले, दोन झाकणे पाण्यात घालून मार." मारले की किडे मरतातही, म्हणून खात्री पटते. पण शेतातले औषध मोकळ्या हवेत, उघड्या रानात मारण्यासाठी केलेले असते. त्याचा अंश गादीत, उशीत, पाळण्यात महिना-महिना राहतो, आणि त्या गादीवर आपले लेकरू तोंड घासते. 2017 साली यवतमाळकडे कापसावर फवारता फवारता वीसाहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, ते उघड्या रानात. मग बंद खोलीचे काय!

रिकाम्या डब्याचेही तेच. 16 जुलै 2013 ला बिहारमध्ये छपऱ्याजवळ गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून 23 मुले गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले, शेतावर मारीत तेच. आपल्यात किती घरांत औषधाच्या जुन्या कॅनमध्ये रॉकेल, डिझेल, क्वचित तेलसुद्धा ठेवलेले असते, हे मी येथे विचारीत नाही. घरी जाऊन पाहावे. रिकामा डबा भोके पाडून, चेपून निकामी करावा. भंगारवाल्याला धड डबा देऊ नये, कारण तो फिरून कोणाच्या तरी घरी जातो.

बाटलीवर रंगीत चौकट असते ती बघावयास शिका. अक्षर वाचता आले नाही तरी रंग कळतो. तांबडा म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. तांबडी-पिवळी बाटली उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये. आमच्या घरी मी मालकांना एवढे सांगितले आणि त्यांनी कुरकुर न करता शेडवर कुलपाची पेटी केली.

बाहेरच्या माणसाला काम द्यावयाचे झाले तर परवाना दाखवा म्हणावे. संकोच करू नये. मिठाईवाल्याला वजन करून दाखव म्हणतोच की आपण. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली हा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, आणि त्याच्याकडचा एक तरी माणूस शेतकी किंवा विज्ञानाचा पदवीधर आणि हैदराबाद, म्हैसूर, हापूड अशा ठिकाणी प्रशिक्षण घेतलेला असावा लागतो. औषधाचे नाव काय, त्याचा डबा दाखव, किती वेळ खोली बंद ठेवावयाची, असे विचारावे. जो डबा न दाखविता बिनलेबलाच्या बाटलीतून ओततो त्याला दारातूनच परत पाठवावे. आळीतल्या एका घरी मागे असाच एक जण मोटारसायकलवरून आला, दहा मिनिटांत सगळीकडे फवारून गेला आणि दोन दिवस घरात डोळे चुरचुरत होते. झुरळे तिसऱ्या दिवशी हजर. त्याने विजेरी काढलीच नव्हती; तेव्हाच ओळखावयास पाहिजे होते.

कोणाच्या पोटात किंवा अंगावर औषध गेलेच तर मीठपाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. अंगावरचे कपडे काढून साबणाने धुवावे, 108 ला फोन करावा आणि बाटली बरोबर न्यावी. कोणते विष आहे हे कळले तर डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो. काही विषांवर लगेच देण्याचे इंजेक्शन आहे.

(भाषणानंतर काही भगिनींनी प्रश्न विचारले. त्यांतील दोन येथे देत आहे.)

एका आजींनी विचारले, "मुंग्यांना आपण साखर घालतो आणि तू औषध घालायला सांगतेस?" आजी, मुंग्यांना मी औषध घालीतच नाही. ओळ जेथून निघते तेथे फट बुजवावी आणि वाट साबणाच्या पाण्याने पुसून टाकावी. मुंगी वासाच्या रेघेवरून चालते, रेघ पुसली की मागच्या मुंग्यांची वाट चुकते. साखर अंगणाच्या कडेला घालावी, डब्यापाशी नको.

दुसरा प्रश्न खर्चाचा होता. एकेका घराने माणूस बोलावला तर परवडत नाही हे खरे, आणि त्याने कामही नीट होत नाही. आपल्या आळीत सामाईक भिंती आहेत. माझ्याकडे औषध लागले की झुरळे शेजारी जातात आणि महिन्याने परत येतात. म्हणून लागून असलेल्या घरांनी एकाच दिवशी जेल लावून घ्यावे, म्हणजे येण्याजाण्याचा खर्चही वाटला जाईल. दसऱ्याच्या साफसफाईच्या आधीचा आठवडा ठरविला आहे. भांडी आणि फडताळे तेव्हा रिकामी होतातच. पाच घरांची नावे सभेतच आली. उरलेल्यांनी ती मंडळाच्या चिटणीसबाईंकडे द्यावीत, आणि नाव देताना घरात पाळण्यातले मूल, दम्याचा माणूस, मासे किंवा पोपट असल्यास तेही लिहावे.